गृहशिक्षणाचे वर्ष आणि अभ्याससहली : या चुका टाळा

होमस्कूलिंग नव्याने सुरू करणारे पालक वर्षाच्या तोंडावर आपला तक्ता मला दाखवायला आणतात, आणि तो उघडण्याआधीच त्यात काय असेल हे मी सांगू शकते. सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते दुपारी दोन, प्रत्येक विषयाला वेगळा रंग, ५२ आठवड्यांचे ५२ रकाने आणि त्यांतला एकही रिकामा नाही. तक्ता खरोखर देखणा असतो. तो साधारण सहाव्या आठवड्यात कोलमडतो, आणि मग हेच पालक आमच्या मुलातच काही कमी आहे का, असे विचारत परत येतात. मुलात काहीही कमी नसते. गेली अकरा वर्षे दोन मुलांना घरी शिकवताना आणि इतरांची नियोजने चाळताना मला त्याच त्या चुका इतक्यांदा भेटल्या आहेत की त्या एकदाच्या लिहून टाकाव्यात, असे वाटू लागले. त्यांतल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत, हे आधीच कबूल करते.

धड्यांना तारखा देणे

पहिल्या वर्षी मी प्रत्येक धड्यापुढे शाईने तारीख लिहिली होती. दुसऱ्या महिन्यात धाकटी नऊ दिवस तापाने पडली, ती उठते न उठते तोच घरी पाहुणे आले, आणि तिसरा महिना संपताना माझ्या वहीप्रमाणे आम्ही तेवीस धडे मागे होतो. मग उतावीळ माणसे करतात तेच मी केले, म्हणजे रोज दोन-दोन धडे उरकायला सुरुवात केली. अपूर्णांकांचे अख्खे प्रकरण आठ दिवसांत ‘झाले’. वहीत बरोबरच्या खुणा पडल्या, तारखा जुळल्या आणि मला फार बरे वाटले. महिन्याभराने थोरल्याने १/२ + १/३ = २/५ असे अगदी शांतपणे लिहून वही माझ्यापुढे सरकवली. अर्ध्या दोरीला आणखी एक तुकडा जोडल्यावर ती दोरी अर्ध्यापेक्षा लहान कशी होईल, असे मी विचारले, तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला; दोरीचा आणि त्या आकड्यांचा काही संबंध आहे, हे त्याला पहिल्यांदाच कळत होते. त्या आठ दिवसांची भरपाई करायला आम्हाला सहा आठवडे लागले.

कामाला लागणारा वेळ कमी धरण्याच्या या खोडीचे वर्णन डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच करून ठेवले आहे. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आपला प्रबंध किती दिवसांत पुरा होईल, असे विचारण्यात आले होते. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात लागले सुमारे ५६. मला त्यातला पुढचा भाग जास्त बोलका वाटतो : सगळेच बिघडले तर किती दिवस लागतील, या प्रश्नालाही त्यांनी सरासरी ४९च्या आसपास दिवस सांगितले होते. म्हणजे माणसाची वाईटात वाईट कल्पनासुद्धा वस्तुस्थितीपेक्षा आशावादी निघते. त्यामुळे ‘थोडा जास्तीचा वेळ धरला आहे’ असे कोणी सांगितले की मी त्यावर विश्वास ठेवत नाही. मागच्या तीन धड्यांना प्रत्यक्ष किती दिवस लागले, एवढेच विचारते.

माझी आताची सवय साधी आहे. धड्यांना क्रमांक असतात, तारखा नसतात. सतरावा धडा सोळाव्यानंतर येतो, मग तो मंगळवारी येवो किंवा पुढच्या पंधरवड्यात. वर्षाचे ५२ आठवडे मी असे मांडते : सहा आठवडे अभ्यास आणि सातवा कोरा, असे सहा फेरे घेतले की ४२ आठवडे होतात. त्यांतले ३६ अभ्यासाचे, सहा कोरे, आणि उरलेले दहा प्रवास, आजारपण, पाहुणे आणि कंटाळा यांच्यासाठी. पंधरा प्रकरणांचे पुस्तक असेल तर प्रत्येकी दोन आठवड्यांप्रमाणे ते तीस आठवड्यांत बसते आणि सहा आठवडे अडलेल्या प्रकरणांना मिळतात. प्रत्येक प्रकरणाला तीन आठवडे द्यायचे ठरवले, तर बाराच प्रकरणे होतील. अशा वेळी कोणती तीन सोडायची हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे, शेवटच्या महिन्यात रडत ठरवू नये. कोरा आठवडा कोराच ठेवायचा असतो. त्यात ‘राहिलेले’ भरायला सुरुवात केली की तो सातवा अभ्यासाचा आठवडा होतो आणि पुढचा ताप येतो तेव्हा हाताशी काहीच उरत नाही. हे सगळे मी पेन्सिलीने लिहिते. छापील नियोजनवह्या आणि मोबाइलवरची ॲप वाईट नसतात, पण त्यांच्यात चुकलेला दिवस लाल रंगात उमटतो, आणि त्या लाल रंगाला घाबरून मुलाला पळवणारे पालक मी पुष्कळ पाहिले आहेत.

लहानसहान, पण महागात पडणाऱ्या

शाळेचे तास घरात आणू नयेत. एका वर्गात चाळीस मुलांना सांभाळायला जो वेळ लागतो, तो एका मुलाबरोबर लागत नाही. प्राथमिक वयात सकाळचे दोन-तीन तास नीट बसले की आमच्याकडे अभ्यास पुरा होतो. संपूर्ण वर्षाचे साहित्य पहिल्याच महिन्यात विकत घेऊ नये, कारण मूल कोणत्या पुस्तकाला जुमानणार नाही हे तोवर कोणालाच ठाऊक नसते. जिथे राहता तिथला कायदा सर्वांत आधी वाचावा. जर्मनीसारख्या देशात मुलाला शाळेत पाठवणे बंधनकारक असल्याने सर्वसाधारणपणे गृहशिक्षणाची मुभाच नाही, तर काही देशांत केवळ कळवले की पुरते, आणि या दोन टोकांच्या मध्ये नोंदणी, तपासणी आणि वार्षिक अहवाल यांचे असंख्य प्रकार आहेत. बाहेरून परीक्षा द्यायची असेल तर नोंदणीची मुदत हीच नियोजनातली एकमेव पक्की तारीख समजावी. आणि सहलीला निघताना पाठ्यपुस्तकांची पिशवी बरोबर घेऊ नये. ती न उघडताच परत येते आणि सगळ्यांच्या मनाला टोचणी लावून जाते.

सहलीची तारीख सुट्टीवरून ठरवणे

ही माझी सर्वांत लाडकी चूक आहे, कारण तिने आम्हाला एकदा चक्क पृथ्वी सपाट करून दाखवली होती.

इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला, ही गोष्ट मुलांना सांगून झाली होती. उत्तरायण संपते त्या दिवशी, म्हणजे २१ जूनच्या सुमारास, माध्यान्ही इजिप्तमधल्या सायीन येथे सूर्य थेट डोक्यावर असे आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंशांनी कललेला असे, ७.२ अंश म्हणजे पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांमधले अंतर गुणिले पन्नास म्हणजे पृथ्वीचा परीघ. आम्हाला मार्चमध्ये घरापासून नकाशावर सरळ उत्तरेला ३०० किलोमीटरवर जायचेच होते, तेव्हा हा प्रयोग करून पाहावा असे ठरले. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे २.७ अंशांचा फरक मिळायला हवा होता, आणि एक मीटर काठीची सावली तिथे पाचएक सेंटीमीटरने लांब पडायला हवी होती. घरी आम्ही माध्यान्हीची सावली मोजली, ती ३५ सेंटीमीटर भरली. आठवड्याने तिकडे पोहोचल्यावर पुन्हा काठी ओळंब्याने उभी केली, दर पाच मिनिटांनी खूण केली, आणि सर्वांत आखूड सावली मोजली. तीही ३५ सेंटीमीटरच निघाली. मुलांनी पुन्हा मोजले, मी पुन्हा मोजले, काठी तिरकी आहे म्हणून एकमेकांवर आरोप झाले. शेवटी थोरल्याने विचारले, “मग पृथ्वी खरंच सपाट आहे का?” मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही.

उत्तर कॅलेंडरमध्ये होते. विषुवदिनाच्या आसपास सूर्य रोज सुमारे ०.४ अंशांनी सरकतो, आणि मार्चमध्ये तो उत्तरेकडे सरकत असतो. सात दिवसांत तो २.८ अंश उत्तरेला गेला होता आणि आम्ही त्याच्यामागे २.७ अंश उत्तरेला गेलो होतो. इतक्या अचूकपणे चूक करणे ठरवूनही जमले नसते. एराटोस्थेनिसच्या दोन्ही सावल्या एकाच दिवसाच्या होत्या, आणि तो दिवसही असा की ज्याच्या आगेमागे सूर्य जवळजवळ स्थिर असतो. असाच दुसरा दिवस म्हणजे २१ डिसेंबर; त्याच्या अलीकडे-पलीकडे आठवडाभरात तर सूर्याचे स्थान पाव अंशानेही हलत नाही. मी अशा दिवसाऐवजी सुट्टी पाहून मार्च निवडला होता.

तेव्हापासून मी सहलीची तारीख ठरवताना आधी जे पाहायचे आहे त्याचे वेळापत्रक पाहते आणि मगच घराचे. समुद्रकाठच्या खडकांतले जीव पाहायचे असतील तर ओहोटी हवी, आणि तीही भांगाची नव्हे, उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या लगतच्या दिवसांतली, कारण तेव्हा पाणी सर्वांत दूर जाते. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे असतात, त्यामुळे वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे जाते. ‘गेल्या वेळी सकाळी आठला छान ओहोटी होती’ या आठवणीचा आठवड्यानंतर काडीचा उपयोग नसतो. सर्वांत कमी पाण्याच्या दीड तास आधी पोहोचावे आणि पाणी फिरले की निमूट मागे यावे. तारे पाहायचे असतील तर अमावास्येच्या आसपास जावे आणि डोळ्यांना अंधार सरावायला वीस ते तीस मिनिटे द्यावीत. त्या वेळात एकाने जरी मोबाइल उघडला तरी त्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. चंद्राची विवरे मात्र अष्टमीच्या सुमारास पाहावीत. पौर्णिमेला सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने विवरांना सावल्याच नसतात आणि दुर्बिणीतून नुसती पांढरी थाळी दिसते. संग्रहालये आठवड्यातून एक दिवस, पुष्कळदा सोमवारी, बंद असतात, हे मी आता सांगायला नको. तरीही बंद दरवाजाबाहेरचे कुटुंबाचे छायाचित्र दरवर्षी कोणीतरी मला पाठवतेच.

एका दिवसात सगळे पाहणे

बोस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयाचा शीण’ या विषयावर लेख लिहिला आणि त्यात एक माणूस कपाटातल्या वस्तू पाहण्यासाठी कसा वाकतो, बसतो, मान वेळावतो याची छायाचित्रे दिली. शंभराहून अधिक वर्षे झाली, पण मुलांना सकाळी दहा ते पाच दालनांमधून फिरवणारे पालक अजून तसेच आहेत. तिकिटाचे पैसे वसूल करण्याच्या नादात ते सहाव्या दालनापर्यंत मुलांच्या डोळ्यांतली चमक घालवून बसतात. आम्ही एका भेटीत तीन वस्तू पाहतो. प्रत्येक मूल त्यांतली एक निवडते, समोर जमिनीवर बसते आणि वीस मिनिटे तिचे चित्र काढते. धाकटीने एकदा एका मडक्याचे चित्र काढताना त्याच्या आतल्या बाजूला कुंभाराच्या बोटांच्या रेघा आहेत हे शोधले, जे शेजारच्या माहितीफलकावर नव्हते. बाकीचे सगळे मागे राहते आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही. रिकाम्या जागा भरायचे छापील कागद तर मी बरोबर नेतच नाही, कारण कागद हातात असला की मुले वस्तूकडे पाहत नाहीत, तिच्या फलकावर उत्तराचा शब्द शोधतात आणि तो सापडला की पुढे पळतात.

एकदाच जाणे

पालकांना दर वेळी नवे ठिकाण हवे असते, आणि यादीतल्या नावावर काट मारली की ते ठिकाण संपले असे त्यांना वाटते. मी वर्षाच्या नियोजनात किमान एक जुने ठिकाण पुन्हा घालते, शक्यतो जिथे आधी फजिती झाली होती असे. त्या नियमानुसार डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तीच काठी घेऊन पुन्हा उत्तरेला गेलो. घरी दोन दिवस आधी मोजलेली सावली ९० सेंटीमीटर होती, तिथे ती ९८.६ सेंटीमीटर भरली. कोन आले ४२.० आणि ४४.६ अंश, म्हणजे फरक २.६ अंशांचा. धाकटीने अंतर म्हणून गाडीच्या मीटरवरचा आकडा घ्यायला सुरुवात केली होती. रस्ता वळणे घेतो आणि पृथ्वीच्या वर्तुळाला ती वळणे ठाऊक नसतात, असे म्हणून थोरल्याने नकाशावर पट्टी ठेवून पुन्हा ३०० किलोमीटर मोजले. ३०० गुणिले ३६० भागिले २.६ याचे उत्तर ४१,५३८ किलोमीटर येते, आणि ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. मार्चच्या पानावर ‘३५ सेंमी, ३५ सेंमी’ असे लिहिलेले होते, त्याच्याखाली त्याने नवा आकडा लिहिला आणि जुना खोडला नाही.