पहिलं चुंबन एकोणिसाव्या प्रकरणात: व्हॅम्पायर प्रेमकथेची बांधणी

नायकाचे डोळे कसे ते नंतर बघू, आधी व्हॅम्पायर नायक आणि माणूस नायिका यांच्यातलं वैर पक्कं करा. ‘आधीच सांगायचंस ना!’ एवढ्या वाक्यानं मिटणाऱ्या वैरावर नव्वद हजार शब्द तगत नाहीत. दोघांचीही तक्रार खरी हवी.

उदाहरणादाखल सर्बिया घेऊ. व्हॅम्पायरच्या दंतकथा तिथल्या मातीत रुजलेल्या आहेत. (वेताळाला काळा कोट घालून व्हॅम्पायर होत नाही.) १७१८ ते १७३९ उत्तर सर्बियावर ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग घराण्याचा अंमल होता. जानेवारी १७३२ मध्ये लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्युकिंगर यांनी मेदवेजा गावातली थडगी उकरून तपासली. न कुजलेल्या प्रेतांची मुंडकी तोडून ती जाळली गेली आणि राख मोरावा नदीत टाकली. आता तुमची नायिका शेजारच्या गावातली. तिचा भाऊ रक्तपिपासूनं मारलाय, म्हणून अशाच पथकाला ती थडगी दाखवते. त्यातल्या एका थडग्यात नायकाची निरपराध बहीण होती. हे वाचकाला चौथ्या प्रकरणात कळू द्या, नायकाला बाविसाव्यात. मधली सतरा प्रकरणं ताण आपोआप टिकतो.

मग नियम एका कागदावर लिहा: ऊन, भूक, मरण, रूपांतर. उन्हानं जळणं लोककथेतलं नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला काउंट दिवसाही हिंडतो, उन्हानं मरणं १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटानं रूढ केलं. त्यामुळे निवड तुमची, पण एकदा ठरलं की सोयीसाठी मोडायचं नाही. रक्ताचा हिशेबही ठेवा. प्रौढ माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं, रक्तदानात ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात आणि तांबड्या पेशी भरून यायला कित्येक आठवडे लागतात. रोज रात्री अर्धा लिटर पाजणारी नायिका आठवडाभरात आटोपेल. भुकेला असा आकडा दिला की प्रत्येक घोटाची किंमत ठरते, आणि प्रणय तिथूनच येतो.

संमोहनाची शक्ती मात्र काढूनच टाका. ती राहिली तर नायिकेचं प्रेम तिचं स्वतःचं आहे यावर शेवटपर्यंत कुणी विश्वास ठेवणार नाही.

तीस प्रकरणं, प्रत्येकी तीन हजार शब्द. पहिल्या सहांत दोघं एकमेकांना खरोखर मारू पाहतात. लुटुपुटूची भांडणं चालणार नाहीत. सातव्यात तिसऱ्या शत्रूमुळे नाइलाजाचा तह. अकराव्यात एक दुसऱ्याला वाचवतो आणि त्याबद्दल स्वतःवरच चिडतो. पंधराव्यात जखम बांधताना पहिला सावकाश स्पर्श, एकोणिसाव्यात चुंबन, बाविसाव्यात स्फोट, पुढची चार प्रकरणं ताटातूट.

स्लो बर्न, म्हणजे सावकाश पेटणारं प्रेम, फसतो तो इथे: लेखक चुंबन लांबवतो, पण मधल्या प्रकरणांत काहीच हलत नाही. दर प्रकरणाच्या शेवटी एकाला दुसऱ्याबद्दल अशी एक गोष्ट कळावी, जिच्यामुळे द्वेष करणं थोडं अवघड होईल.

मराठीत लिहिताना एक हुकमी साधन आहे. सुरुवातीला तुच्छतेचं अरे-तुरे, तह झाल्यावर सावध ‘तुम्ही’, आणि चुंबनानंतर पुन्हा ‘तू’. हा शेवटचा बदल निवेदनात समजावून सांगू नका.

नायिका शेवटी व्हॅम्पायर होणार की म्हातारी होणार, हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवा. रूपांतराचा नियम त्यावर अवलंबून आहे, आणि तो तिसाव्या प्रकरणात सुचला तर मागची सगळी प्रकरणं पुन्हा लिहावी लागतात.