खात्यात चुकून आलेले पैसे परत कसे करावेत

यूपीआयवरून अनोळखी माणसाचे पैसे आले, की आधी बँकेच्या ॲपमध्ये खात्यातला जमा-खर्च बघा. नुसत्या एसएमएसवर जाऊ नका. खोटा मेसेज पाठवून ‘चुकून आले, परत करा’ म्हणणारे भामटे पुष्कळ. रक्कम खरंच जमा असेल, तर तिला हात लावू नका. ती वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा ठरू शकतं.

व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराची ओळख पटवणारा नंबर) टिपून शाखेत लेखी अर्ज द्या: ‘ही रक्कम माझी नाही, ज्या खात्यातून आली तिथेच परत करा.’ प्रतीवर शिक्का घ्या. फोनवर सांगितलेल्या दुसऱ्याच नंबरवर पाठवलेत, तर मूळ माणूस उपाशीच राहतो. समोरचा खरा असेल, तर तो घाबरलेला असतो. अर्ज दिल्याचं त्याला लगेच कळवा.