सोलापुरात क्लस्टर उभारताय? या चुका टाळा

क्लस्टर म्हणजे एकाच धंद्यातल्या लहान उद्योगांचा गट. त्यासाठी सोलापूरच्या अर्थकारणाचा आराखडा करायला बसलेला माणूस आधी उद्यम नोंदणीची, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीची, यादी मागवतो. घोळ तिथूनच सुरू होतो. यादीत कारखानदार सापडतो. मागासाठी सुताची कांडी भरणारी, टॉवेलला शिलाई मारणारी, घरी बिडी वळणारी बाई सापडत नाही. मग त्याच यादीवरून स्थान-गुणांक निघतो, म्हणजे एखाद्या धंद्यातल्या कामगारांचा इथला वाटा राज्यातल्या वाट्याच्या किती पट आहे ते. समजा, शंभर कामगारांपैकी इथे 12 कापडात आणि राज्यात 3, तर गुणांक 4. गुणांक 1 च्या वर गेला की तो धंदा इथला खास. भागाकार बरोबर असतो हो, पण मुळातला 12 कच्चा असतो.

शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, मीही एकदा मराठीत छापलेली प्रश्नावली घेऊन गेलो होतो. "काम करता का?" विचारल्यावर एक मावशी म्हणाल्या, "नाही, घरीच असते." मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं आणि कात्री, बोलताना बोटं थांबलेली नव्हती. मी मुकाट्यानं 'गृहिणी' लिहिलं. पुढच्या खेपेला तेलुगू बोलणारी मुलगी सोबत नेली आणि प्रश्न बदलला: "रोज किती बिड्या होतात?" आकडा लगेच आला. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे हिशेब तोंडपाठ. तेव्हा हुद्दा विचारू नका, काल दिवसभरात काय केलं ते विचारा. आणि बैठक सकाळी अकराला ठेवू नका. आमच्या बैठकीला त्या वेळी बाया बिड्या द्यायला गेलेल्या होत्या.

दुसरी चूक, आधी यंत्र आणि मग गिऱ्हाईक. सगळ्या सभासदांनी मिळून वापरायच्या सामायिक सुविधा केंद्रात सूतरंगाईचं यंत्र बसतं, फीत कापली जाते, आणि वीजबिल कोणी भरायचं यावर सभासदांत अबोला होतो. यंत्राचं कोटेशन मागवण्याआधी दहा कारखानदारांना विचारा: महिन्याला किती किलो सूत बाहेर रंगवता, काय दरानं? जो आगाऊ रक्कम द्यायला तयार, तोच खरा सभासद.

जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचंही तसंच. सोलापुरी चादर आणि टॉवेल दोन्हींना जीआय आहे, पण नोंदणी एकदा झाली म्हणून प्रत्येक विणकराला ते नाव आपोआप वापरता येत नाही. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून ज्याची त्याची वेगळी नोंदणी लागते, आणि नोंदणीचं दर 10 वर्षांनी नूतनीकरण. प्रकल्पात हे काम एका माणसाच्या गळ्यात बांधा, नाहीतर ते कोणाचंच नसतं.

शेंगदाणा चटणीवाल्या बचत गटांनी मात्र अनुदानाचं गणित नीट पाहावं. केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख मिळतात. पण ती रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहते आणि कर्जाचे हप्ते नियमित असतील तरच कर्जात वळती होते. तिच्या भरवशावर शेंगदाणे उधारीत उचलले, तर पहिल्याच हंगामात अडतदुकानदार दारात उभा.