पुरस्कारप्राप्त शिक्षकाची मुदतवाढ : कोर्टात जाण्याआधी या चुका टाळा

सर्वांत महाग पडणारा समज म्हणजे पुरस्कार मिळाला की सेवा आपोआप वाढते. महाराष्ट्रात अनुदानित खासगी शाळेतला शिक्षक 58व्या वर्षी निवृत्त होतो आणि मुदतवाढ हा हक्क नव्हे. लागू नियम किंवा शासन निर्णय असेल, तर त्यानुसार अर्जाचा विचार व्हावा आणि नकार सकारण असावा, एवढंच कोर्टाकडे मागता येतं. तरीही याचिकांमध्ये गौरवाची चार पानं असतात आणि शासन निर्णयाचा क्रमांक कुठेच नसतो. क्रमांक, दिनांक, नेमकी तरतूद आणि पुरस्कार राष्ट्रीय की राज्य, हे पहिल्याच पानावर हवं. दुसऱ्या राज्याचा आदेश जोडून भागत नाही.

दुसरी चूक उशिराची, आणि तीच जास्त प्रकरणं बुडवते. अर्ज शेवटच्या महिन्यात, तोही तोंडी आश्वासनावर दिला जातो. फाइल शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर असताना तारीख उलटते, शाळा पदभार काढून घेते, शालार्थमधून (शिक्षकांच्या पगाराची ऑनलाइन प्रणाली) पगार थांबतो, रिक्त पदावर दुसऱ्या शाळेत अतिरिक्त ठरलेला शिक्षक येतो. मग अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश मिळवणं फार कठीण जातं, कारण आता दुसऱ्याला उठवावं लागतं. त्यात 1 जूनचा जन्म असेल तर निवृत्ती 31 मे रोजीच असते, हेही अनेकांना ऐनवेळी कळतं. अर्ज वर्षभर आधी द्या, आवक क्रमांकासह पोच घ्या, दोन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवा आणि तीन महिने उरले की याचिका दाखल करा. ‘साहेब बघतो म्हणालेत’ यावर थांबू नका.

जन्मतारीख बदलून घेण्याचा आडमार्ग तर नकोच. सरकारी सेवेत त्यासाठी रुजू झाल्यापासून पाच वर्षांची मुदत असते.

खासगी शाळांतल्या बडतर्फीसारख्या तक्रारी ऐकणाऱ्या शाळा न्यायाधिकरणाकडे धावू नका. वयोमानानुसार निवृत्ती म्हणजे बडतर्फी नव्हे. मुदतवाढ नाकारल्यास मार्ग राज्यघटनेच्या अनुच्छेद 226खाली उच्च न्यायालयाचा. जिल्हा परिषद शिक्षकांनीही मॅटकडे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) जाऊ नये.

मुदतवाढ आणि पुनर्नियुक्ती यांची गल्लत करू नका. पहिलीत सेवा चालू राहते. दुसरीत निवृत्ती होऊन नवी नेमणूक मिळते आणि वेतनाचा हिशेब वेगळा होतो. याचिकेच्या प्रार्थनेत, म्हणजे मागणीच्या भागात, एकच मागितली असेल तर दुसरी पर्यायी म्हणून लिहा.

पेन्शनची कागदपत्रं अडवून ठेवणं हा निव्वळ अविचार. सही केली तर निवृत्ती मान्य केल्यासारखं होईल, या भीतीने लोक वर्षभर पेन्शनविना राहतात. ‘याचिकेतील हक्क राखून’ असं लिहून कागदपत्रं द्या आणि त्याची प्रत याचिकेला जोडा.

आदेशाशिवाय वर्गात शिकवत राहू नका. त्या दिवसांचं वेतन मिळवताना दुसरा खटला उभा राहतो.