प्रेफरन्स डिव्हिडंड 'व्याज' म्हणून पडला होता, तो असा काढला

कुपवाड एमआयडीसीतली खासगी कंपनी, इंड एएस (मुख्यतः मोठ्या व सूचिबद्ध कंपन्यांची हिशेब मानकं) लागू नाही. 50 लाखांचे 9 टक्के क्युम्युलेटिव्ह रिडीमेबल प्रेफरन्स शेअर (न दिलेला डिव्हिडंड पुढे साचत जातो, आणि भांडवल मुदतीनंतर परत करायचं असतं). मार्चअखेर टॅलीत 4,50,000 चा डिव्हिडंड 'व्याज खर्च' नावे, 'देय डिव्हिडंड' जमा. डिव्हिडंड जाहीर मात्र झालाच नव्हता.

पुस्तकं बंद व्हायची होती, म्हणून सरळ उलटी जर्नल: देय डिव्हिडंड नावे, व्याज खर्च जमा. नफा वाढला की थांबायचं नाही. करतरतूद पुन्हा काढायची. डिव्हिडंड म्हणजे नफ्याचं वाटप, आयकरात त्याची वजावट नाहीच.

जाहीर न झालेल्या डिव्हिडंडची थकबाकी ताळेबंदात येत नाही, पण कंपनी कायद्याच्या शेड्यूल 3 प्रमाणे टिपेत वेगळी दाखवावी लागते. खरी गोम ईपीएसमध्ये, म्हणजे दर इक्विटी शेअरमागच्या नफ्यात. एएस 20 (ईपीएसचं हिशेब मानक) नुसार क्युम्युलेटिव्ह डिव्हिडंड जाहीर नसला तरी त्या वर्षाचा वजा होतो: करोत्तर नफा 12,30,000, उणे 4,50,000, उरले 7,80,000, इक्विटी शेअर 1,00,000, म्हणून ईपीएस 7.80. इथे 12.30 छापलेलं बऱ्याचदा दिसतं. मागच्या वर्षांची थकबाकी यात पुन्हा वजा करू नका.

पुढे सभेत जाहीर झाला की सरप्लस (साठलेला नफा) नावे, देय डिव्हिडंड जमा. 5 दिवसांत रक्कम वेगळ्या बँक खात्यात, 30 दिवसांत वाटप. टीडीएस विसरू नका.

इंड एएसवाल्यांचं गणित निराळं. ठरल्या तारखेला रोखीने परत करायचेच असे शेअर तिथे कर्ज धरतात, आणि त्यावरचा सक्तीचा डिव्हिडंड फायनान्स कॉस्टमध्येच (व्याजासारख्या खर्चात) जातो. आपल्याकडची एंट्री बहुधा तिथूनच उचललेली.