शिडाची जुनी बोट विकताय? या चुका टाळा

मिशिगनमध्ये तळ्यांवरचा बर्फ वितळला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "काका, बोट विकायला काढलीय. लोक येतात, बघतात, आणि परत फोनच करत नाहीत." मी एकच विचारतो: ट्रेलरची चाकं शेवटची कधी उघडली होतीस? पलीकडून उत्तर येत नाही.

बोटीला पॉलिश, आत नव्या गाद्या आणि ट्रेलर मात्र गवतात रुतलेला! कॅटालिना २२ सारखी शिडाची छोटी बोट लोक घेतात ती गाडीमागे जोडून कुठेही नेता येते म्हणून. बोटच साधारण सव्वादोन हजार पाउंड वजनाची, वर ट्रेलर, इंजिन, सामान. हा सगळा भार चाकांतल्या बेअरिंगवर असतो. घेणारा पहिल्याच दिवशी ती हमरस्त्याने घरी नेणार असतो.

माझी पहिली बोट मी अशीच विकली. ओहायोहून एक कुटुंब आलं होतं, गाडीत दोन लहान मुलं. पैसे मिळाले, हात हलवून निरोप दिला. तासाभरात फोन. उजव्या चाकातून धूर येत होता, बेअरिंग जळून चाक तिरकं झालं होतं. मी हत्यारं घेऊन पोहोचलो तेव्हा मुलं रस्त्याकडेच्या उतारावर बसली होती आणि शेजारून ट्रक धडधडत जात होते. ओढून न्यायचा खर्च मी दिला, नवा हबही (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतं) घालून दिला. तरी ती मुलं डोळ्यांपुढून जात नाहीत.

कारण साधं होतं. लांबून आल्यावर हब तापलेला असतो. तसाच ट्रेलर गार पाण्यात उतरवला की आतली हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून, म्हणजे हब बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यातून, पाणी आत खेचलं जातं. मग हिवाळाभर आत गंज चढतो. म्हणून आता जाहिरात देण्याआधी मी दोन्ही हब उघडतो. ग्रीस दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. जुनं ग्रीस धुऊन काढायचं, बेअरिंगचे रोलर बोटांनी फिरवून बघायचे, सील नवं घालायचं. मग वीस मैल चालवून हबला हात लावायचा. कोमट असला तर ठीक, हात ठेववत नसेल तर बोट विकायची नाही. बाहेरून ग्रीस-गनचे चार दाब देऊन "झालं काम" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. आतलं बेअरिंग कसं आहे ते त्याने कळत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर कितीही काळाभोर दिसला तरी बदला.

दुसरी चूक लपवाछपवीची. डेकच्या फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये लाकूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपलं की ते कुजतं आणि पाय ठेवल्यावर डेक दबतो. घाईचे लोक त्यावर रंग मारतात. मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जातो. टणक आवाजाच्या जागी बद्द आवाज आला की तिथे खडूने गोल करतो आणि त्याचाच फोटो जाहिरातीत टाकतो. फोन कमी येतात, पण येणारा माणूस सौदा करूनच जातो.

कील, म्हणजे बोटीच्या तळाचं वर-खाली होणारं जड पातं, उचलायच्या तारेवरून चिंधी फिरवा. धागे अडकले तर तार बदला, खाली साडेपाचशे पाउंड बीड लोंबतंय. इंजिनमध्ये गेल्या वर्षीचं पेट्रोल ठेवू नका. डोलकाठी उभी करून दाखवण्याआधी वर विजेच्या तारा आहेत का ते बघा आणि हे काम एकट्याने कधीही करू नका. शिडांवर किती डॉलर घातले ते सांगून किंमत वाढत नाही.

कागद आधी काढून ठेवा. इथे मिशिगनमध्ये वीस फूट आणि त्यावरच्या बोटीला मालकीचं प्रमाणपत्र लागतं, ट्रेलरचे कागद वेगळे. बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे बारा अक्षरी क्रमांक असतो, तो कागदाशी ताडून बघा. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून "वरचे परत करा" म्हणणारा भेटला तर तिथेच बोलणं थांबवा. बाकीच्यांचेही पैसे खात्यात पक्के जमा झाल्याशिवाय ट्रेलरचं कुलूप काढू नका.