सारंगखेड्याच्या यात्रेला टांगा जुंपण्याआधी

मार्गशीर्ष लागला की आमच्या भागातल्या वाटा नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याकडे वळतात. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार. बहुतेक घोडी आता टेम्पोतून येतात. आम्ही मात्र शिंदखेडा तालुक्यातून टांगा जुंपून, जमेल तिथे शिवारातल्या गाडवाटेने जातो. यंदा पहिल्यांदाच असं निघणाऱ्यांसाठी ही तयारी लिहितो आहे.

सुरुवात नालबंदापासून करा. नाल मारून सहा-आठ आठवडे झाले असतील तर बदलायला हवी, पण निघण्याच्या आदल्या दिवशी नको. खिळा जिवंत भागाला लागला असेल तर घोडी दोन-तीन दिवसांनी लंगडते, म्हणून आठवडाभर आधी हे काम उरकावं. त्याच फेरीत धनुर्वाताची लस झाली आहे का, हे जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि वाटेत खिळे-काचा काही कमी नसतात. ग्लँडर्सची रक्ततपासणी करून तिचा कागद जवळ ठेवा. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, त्यामुळे जिथे शेकडो घोडी एकत्र येतात तिथे तपासणी टाळू नये.

मग टांगा. लाकडी चाक असेल तर हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, सैल होते. काठीने धावेवर ठोकून बघा, आवाज बद्द आला तर ती पुन्हा बसवून घ्या. रबरी चाकाला हवा, बेअरिंगला ग्रीस आणि सोबत हातपंप. टांगा दोन चाकांचा असल्याने तोल सगळ्यात महत्त्वाचा. माणसं आणि सामान चढल्यावर दांडीखाली हात घालून ती उचलून बघा, ती दोन बोटांवर उचलली गेली पाहिजे. दांड्या जड लागल्या तर सगळा भार घोडीच्या पाठीवर आहे, वर उचलल्या जात असतील तर पोटाचा तंग तिला काचतो. सामान पुढे-मागे सरकवून हे जमवायचं. हाकणारा सोडून चारपेक्षा जास्त माणसं बसवू नका. गाडी ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्राच्या नियमांतही हीच मर्यादा आहे. शिवाय दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त आणि सलग ५ तासांपेक्षा जास्त काम घ्यायला मनाई आहे. काटेरी लगामालाही बंदी आहे, आणि तो कुणीच वापरू नये असं मला मनापासून वाटतं.

साज आदल्या रात्री घरात आणून ठेवा. दवाने भिजलेलं चामडं सकाळी कडक होतं आणि खांद्यावर चोळतं. पट्ट्यांच्या आतून हात फिरवा, चिकटलेला घाम वाळून खरखरीत झाला असेल तर ओल्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्या. पहाटे लगामाची कडी तोंडात घालण्याआधी तळहातात धरून गरम करा. गार लोखंड जिभेवर आलं की घोडी मान झटकते, आणि दोन-चार वेळा असं झालं की लगाम दिसताच तोंड फिरवू लागते.

आता पाणी. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. थंडी आपल्याला वाजते म्हणून आपण झुलीची, शेकोटीची काळजी करतो. घोडीच्या अंगावर हिवाळी लव आलेली असते, कोरड्या अंगाने ती आपल्यापेक्षा कितीतरी जास्त गारठा सोसते. खरा धोका असतो तो ती पाणी कमी पिते याचा. पहिल्या वर्षी मी पहाटे तिला हाळावर, म्हणजे जनावरांच्या पाण्याच्या हौदावर, नेलं. तिने नाक लावलं, ओठ ओले केले आणि मान वर केली. मी समजलो, तहान नसेल. दुपारी तिने चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, सोडली, पोटदुखीने पुढच्या पायाने जमीन उकरायला लागली, वळून वळून कुशीकडे बघायला लागली. लीद पडली ती सुपारीएवढी आणि कोरडी. डॉक्टर येईपर्यंत तिला हळूहळू फिरवत होतो, ते दोन तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून आम्ही कोमट पाणी देतो. लहानशा तट्टालाही दिवसाला दहा-पंधरा लिटर तरी लागतं, कामावर असताना त्याहून जास्त. म्हणून दोन कॅन, घरचीच बादली आणि पाणी तापवायला पातेलं टांग्यात असू द्या. परक्या पाण्याला ती वासावरून नाक मुरडते. घरी आठवडाभर पाण्यात चिमूटभर गूळ घालून सवय लावली तर वाटेतलं पाणीही तसंच पिते.

चारा घरचाच न्या. अचानक बदललेला चारा पोटाला बाधतो, आणि भुईमुगाचा बुरसलेला पाला तर फुकट मिळाला तरी नको. कोरडं गवत वाढवा, ते पचताना अंगात ऊब तयार होते. भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी मात्र एकदम वाढवू नका.

पहाटे धुकं असेल तर उजाडेपर्यंत थांबा. हे दिवस उसाच्या आणि कापसाच्या गाड्यांचे. टांग्याला मागे लाल आणि पुढे पांढरी चमकती पट्टी लावा, मागच्या बाजूला दिवा अडकवा. गव्हा-हरभऱ्याला पाणी सुरू असल्याने गाडवाट मध्येच चिखलाची होते. तिथे सगळ्यांनी उतरून चालायचं. तापीच्या पुलावर वारा आणि ट्रक दोन्ही असतात, तिथे एकाने घोडीच्या डोक्याशी चालावं.

शेवटचा किलोमीटरभर तिला न पळवता साध्या चालीवर आणा. घामेजल्या अंगाने वाऱ्यात बांधू नका, वर लगेच जाड झूलही टाकू नका. आधी गोणपाटाने चोळून अंग कोरडं करा, मग खरारा, मग झूल. कानाच्या मुळाशी हात लावून बघा, तिथे गार लागलं तर तिला खरोखर थंडी वाजते आहे. खूर साफ करून खडा अडकला नाही ना हे पाहा, अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे दोर, बांधा, आणि तुम्ही झोपण्याआधी एक बादली कोमट पाणी तिच्यापुढे धरून, ताजी लीद बघून मगच अंथरुणाकडे जा.